शेण, चुना आणि १,५०० पौंड : म्हाताऱ्या फळझाडांच्या जखमांचा इतिहास

१/
१७९१ साली लंडनमधल्या एका माळ्याने आपले गुपित छापून उघड केले. त्याच्या मोबदल्यात ब्रिटिश सरकारने त्याला १,५०० पौंडांचे बक्षीस दिले. गुपित होते एका लेपाचे. ढोली पडलेल्या, कुजलेल्या, फळ देईनाशा झालेल्या झाडाला हा लेप लावला की ते पुन्हा तरुण होते, असा त्या माळ्याचा दावा होता. लेपातला मुख्य घटक होता गाईचे ताजे शेण.

२/
माळ्याचे नाव विल्यम फॉर्सिथ. जन्म १७३७, स्कॉटलंडचा. लंडनला येऊन तो चेल्सीच्या औषधी वनस्पतींच्या बागेत फिलिप मिलर या त्या काळच्या सर्वांत नामवंत बागवानाच्या हाताखाली शिकला, १७७१ मध्ये त्याच्याच जागेवर बसला आणि पुढे राजा तिसरा जॉर्ज याच्या केन्सिंग्टन व सेंट जेम्स येथील बागांचा प्रमुख झाला. म्हणजे हा कोणी रस्त्यावरचा जडीबुटीवाला नव्हता. पुढे जे घडले ते समजून घेताना हे लक्षात ठेवावे लागते.

३/
केन्सिंग्टनच्या बागेत भिंतींच्या कडेने लावलेली नाशपतीची, सफरचंदाची जुनी झाडे होती. खोडाला ढोल्या, सालीवर व्रण, टोकाकडच्या फांद्या वाळलेल्या आणि फळे थोडी, तीही बेचव. अशा वेळी बहुतेक माळी झाड मुळासकट काढून नवे कलम लावत. फॉर्सिथने दुसरा मार्ग धरला. त्याने ही झाडे निर्दयपणे खाली आणली. फांद्या बुंध्याजवळ छाटल्या, कुजका भाग पटाशीने कोरून काढला, अगदी ताजे, ओले लाकूड लागेपर्यंत. कापलेली जागा गुळगुळीत केली, सालीच्या कडा गोलसर तासल्या आणि वर लेप दिला.

४/
लेपाची कृती अशी : एक बुशेल (सुमारे ३६ लिटरचे माप) ताजे शेण, अर्धा बुशेल जुन्या इमारतीच्या चुन्याचा चुरा, अर्धा बुशेल लाकडाची राख आणि बुशेलचा सोळावा हिस्सा वाळू. चुना, राख व वाळू बारीक चाळून घ्यायची, सगळे फावड्याने कालवायचे आणि मग लाकडी थापीने घोटत राहायचे, छताच्या गिलाव्यासारखे मऊ होईपर्यंत. चुना शक्यतो जुन्या खोल्यांच्या छताचाच असावा, अशी खास सूचना होती. पुढे त्याने हाच लेप मूत्र आणि साबणाचे पाणी घालून पातळ केला, म्हणजे तो ब्रशने रंगासारखा लावता येई. वरून लाकडाच्या राखेत थोडी जाळलेल्या हाडांची राख मिसळून ती भुकटी भुरभुरायची.

५/
मराठी वाचकाला यात नवल वाटण्यासारखे काय आहे? शेणाने सारवलेली जमीन आणि शेणमातीने लिंपलेली भिंत पाहिलेल्या माणसाला हा लेप ओळखीचाच वाटेल. खरे तर तो युरोपालाही ओळखीचा होता. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन लेखक केटोने आपल्या शेतीवरील ग्रंथात कलमाचा जोड झाकण्यासाठी चिकणमाती, थोडी वाळू आणि गुराचे शेण एकत्र मळायला सांगितले आहे. फ्रान्समधले माळी शेण व मातीच्या मिश्रणाला ‘संत फियाक्रचे मलम’ म्हणत. हा संत तिथल्या माळ्यांचा रक्षणकर्ता.

६/
भारतातही झाडावर शस्त्रक्रिया करण्याची परंपरा जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. त्यात आजारी झाडाची लक्षणे येतात : पाने फिकट पडणे, नवी पालवी न फुटणे, फांद्या वाळणे, रस गळणे. उपचाराची पहिली पायरी शस्त्राने रोगट भाग साफ करण्याची. त्यानंतर वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप, मग दूधपाण्याचे शिंपण. पुढच्या काळातल्या सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’त तर झाडालाही वात, पित्त आणि कफ आहेत.

७/
केटो, वराहमिहिर, फॉर्सिथ. काळ वेगळे, देश वेगळे, पण मनातले चित्र एकच. जखम म्हणजे जखम. ती धुवावी, तिच्यावर मलम लावावे, पट्टी बांधावी, मग ती भरून येते. माणसाचे शरीर जसे भरून येते तसेच झाडाचेही येत असणार, असे सगळ्यांनी धरून चालले होते. हे गृहीतक तपासायला विसावे शतक उजाडावे लागले.

८/
पण सरकारला फळझाडांच्या ढोल्यांशी काय देणेघेणे? उत्तर नाशपतीत नाही, ओकमध्ये आहे. ब्रिटनचे आरमार ओकच्या लाकडावर उभे होते. एका मोठ्या युद्धनौकेला हजारांच्या संख्येने ओकची झाडे लागत आणि ओक तयार व्हायला शंभर वर्षे जात. राजवनांतले कितीतरी ओक आतून पोखरलेले होते. फॉर्सिथ म्हणत होता की त्याच्या लेपाने असे ओकही पुन्हा भरीव होतील. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झाले. जो देश आपल्या जंगलांकडे जहाजांचे कोठार म्हणून पाहत होता, त्याला या दाव्यासाठी १,५०० पौंड ही रक्कम स्वस्तच वाटली असणार.

९/
पाहणी झाली. प्रतिष्ठित मंडळींनी केन्सिंग्टनची झाडे पाहिली. ज्या बुंध्यात काही वर्षांपूर्वी जीव उरला नव्हता, तिथून हात-हातभर नवे धुमारे निघालेले होते आणि त्यांवर फळे होती. डोळ्यांना दिसत होते ते खोटे नव्हते. लंडनचा प्रसिद्ध वैद्य जॉन कोकली लेटसम फॉर्सिथच्या बाजूने उभा राहिला. १८०२ मध्ये फॉर्सिथचा फळझाडांवरचा मोठा ग्रंथ आला आणि तो लवकरच अमेरिकेतही छापला गेला.

१०/
त्याच वर्षी एक छोटी पुस्तिका निघाली. तिचा विषय : श्री. फॉर्सिथ यांच्या लेपाच्या गुणाविषयी काही शंका. लेखक टॉमस अँड्र्यू नाइट. हा हेरफर्डशायरचा जमीनदार, सफरचंदाच्या मद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मुलखातला. सफरचंद आणि नाशपतीवर त्याचा १७९७ चा ग्रंथ होता. झाडात रस कसा वाहतो, मुळे खालीच का जातात, यावर स्वतः प्रयोग करणारा हा माणूस होता.

११/
नाइटची शंका साधी होती. नवे लाकूड फक्त सालीखालच्या पातळ थरातून तयार होते. आतला गाभा एकदा कुजला की तो परत लाकूड होऊ शकत नाही. बाहेरून नवी साल चढून ढोलीचे तोंड बंद होईल, पण आतली पोकळी पोकळीच राहील. ज्या ओकच्या पोटात लेपामुळे भरीव लाकूड तयार झाले आहे, असा एक तरी ओक दाखवा. जहाजाच्या फळ्या सालीच्या पडद्यातून निघत नाहीत, त्यांना आतले लाकूड लागते.

१२/
वाद कडवट झाला. गंमत अशी की मार्च १८०४ मध्ये लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावरच्या हॅचर्ड्स या पुस्तकांच्या दुकानात सात जण जमले आणि त्यांनी बागवानांची एक संस्था स्थापन केली. आजची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ती हीच. त्या सातांत फॉर्सिथ होता. काही महिन्यांतच, जुलैमध्ये, तो वारला. आणि १८११ पासून १८३८ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्या संस्थेचा अध्यक्ष राहिला तो नाइट.

१३/
आता मूळ प्रश्न. लेप निरुपयोगी होता, तर केन्सिंग्टनची झाडे फळली कशी?

१४/
उत्तर छाटणीत आहे. जुन्या फळझाडाचे मुख्य दुखणे बहुधा गर्दीचे असते. फांद्यांवर फांद्या चढतात, आत ऊन पोचत नाही, आतल्या डहाळ्या मरतात आणि फळ फक्त बाहेरच्या कडेला, उंचावर उरते. झाडाची मुळे मात्र मोठी, खोल आणि धडधाकट असू शकतात. अशा झाडाचा वरचा पसारा कापला की त्या सगळ्या मुळांनी ओढलेले पाणी आणि साठवलेले अन्न थोड्याशा डोळ्यांच्या वाट्याला येते. सालीखाली वर्षानुवर्षे झोपलेले सुप्त डोळे जागे होतात आणि जोमदार फुटवे निघतात.

१५/
या फुटव्यांना पुढे फळ धरते, कारण आता त्यांना ऊन मिळते. फॉर्सिथने एकाच दिवशी दोन गोष्टी केल्या : झाड कापले आणि लेप लावला. झाड सुधारले. श्रेय लेपाला गेले. अर्धी झाडे नुसती कापून आणि अर्धी कापून-लेपून पाहिली असती, तर सरकारची रक्कम वाचली असती. पण अशी तुलना करून पाहण्याची रीत तेव्हा बागायतीत रुजलेली नव्हती. शिवाय करवतीला कोण बक्षीस देणार? ती प्रत्येक माळ्याकडे होतीच.

१६/
नाइट या प्रकरणात बरोबर ठरला, म्हणून तो सर्वज्ञ होता असे नाही. त्याचे स्वतःचे एक ठाम मत होते : कलमाने वाढवलेल्या जातीला मूळ झाडाचेच वय लागते. मातृवृक्ष म्हातारा झाला की त्याची जगभरची सगळी कलमे एकदमच म्हातारी होतात. इंग्लंडच्या ‘गोल्डन पिपिन’ सफरचंदाचा ऱ्हास त्याने असाच समजावला. ही समजूत चुकीची निघाली. ‘गोल्डन पिपिन’ आजही जिवंत आहे. पण याच चुकीच्या समजुतीपोटी नाइटने परागसिंचन करून फळांच्या नव्या जाती तयार करण्याचे काम हाती घेतले आणि ते पुढच्या पिढ्यांच्या फार उपयोगी पडले. विज्ञानाच्या इतिहासात असे हिशेब सरळ लागत नाहीत.

१७/
फॉर्सिथ मागे पडला, पण मलमाची कल्पना गेली नाही. शेणाच्या जागी डांबर आले. १८६० च्या दशकात फ्रान्सच्या काउंट दे कार याने झाडांच्या छाटणीवर एक पुस्तिका लिहिली, जी पुढे इंग्रजीतही आली आणि अमेरिकेतल्या वृक्षतज्ज्ञांच्या हाती पडली. तिचे दोन आदेश होते. पहिला, फांदी अगदी खोडाला लागून, खोडाच्या रेषेत सपाट कापा. खुंटी ठेवू नका. दुसरा, जखमेवर डांबर फासा.

१८/
पहिला आदेश दिसायला फार नीटस. खोड खांबासारखे सरळ राहते. कापल्यावर कडेने नवी साल जोरात वर येते आणि जखम मिटताना दिसते. सुमारे शंभर वर्षे बागेतल्या आणि वनातल्या माणसांना हेच शिकवले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी तर ढोल्या साफ खरवडून त्यांत सिमेंट भरण्याचीही पद्धत आली. झाडांचे दंतवैद्यच म्हणावेत. वाऱ्यात झाड हलते आणि सिमेंट हलत नाही. आतल्या आत लाकूड घासले जाई.

१९/
याच काळात जर्मनीत रॉबर्ट हार्टिग याने एक मोठी गाठ सोडवली होती. १८७८ च्या आपल्या ग्रंथात त्याने लाकूड कुजण्याचे कारण बुरशी आहे हे दाखवून दिले. त्यापूर्वी बुरशी ही कुजण्याची परिणती मानली जाई. हार्टिगनंतर तर्क असा झाला : जखमेतून बुरशी शिरते, म्हणून जखम झाका. मलमाला आता शास्त्राचा आधार मिळाला. झाकल्याने बुरशी खरोखर अडते का, हे मात्र लाकूड उभे चिरून कोणी पाहिले नव्हते.

२०/
ते काम अमेरिकेच्या वनसेवेतल्या अ‍ॅलेक्स शायगो याने केले. जन्म १९३०; १९५९ पासून तो वनसेवेत होता. त्याच्या हाती एक साधन होते जे हार्टिगकडे नव्हते : एका माणसाला पेलणारी साखळी करवत. आधीचे संशोधक झाडाचा आडवा काप पाहत, म्हणजे एक गोल चकती. शायगोने खोडे उभी चिरली. अशी हजारो झाडे त्याने आयुष्यात चिरली. उभ्या कापात जखमेचा सगळा इतिहास दिसतो : ती कधी झाली, कूज वर किती गेली, खाली किती, आत किती आणि कुठे थांबली.

२१/
ती थांबलेली होती, हीच मोठी गोष्ट. जखम झाली त्या वर्षीचे लाकूड आणि त्याच्या आतले लाकूड कुजले होते, पण जखमेनंतर तयार झालेले नवे लाकूड स्वच्छ होते. दोहोंच्या मध्ये एक रेष होती, भिंतीसारखी. १९७७ मध्ये शायगोने हे सूत्र मांडले. झाड जखमेभोवती चार प्रकारच्या भिंती उभारते. एक कुजीला वर-खाली पसरू देत नाही, दुसरी आत जाऊ देत नाही, तिसरी बाजूंना सरकू देत नाही. या तिन्ही आधीपासून असलेल्या लाकडात असतात आणि कमीअधिक कच्च्या असतात. चौथी भिंत जखमेनंतर सालीखालचा थर नव्याने बांधतो. ती सर्वांत भक्कम.

२२/
म्हणजे झाडाची जखम भरत नाही. माणसाच्या कातडीत मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येतात. झाडात मेलेला भाग जिथे आहे तिथेच राहतो, झाड त्याला कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवत जाते. शंभर वर्षांच्या आंब्याच्या पोटात त्याच्या दहाव्या वर्षीची जखम अजून असू शकते, भिंतीआड.

२३/
या प्रकाशात फॉर्सिथकडे पुन्हा पाहावे. त्याने कुजका भाग ताजे लाकूड लागेपर्यंत कोरला. ते ताजे लाकूड म्हणजे भिंतीपलीकडचे निरोगी लाकूड. झाडाने वर्षानुवर्षे बांधलेला तट त्याच्या पटाशीने फोडला आणि कुजीला पुढचे दार उघडून दिले. सिमेंट भरणाऱ्यांनी तेच केले. नाइटने म्हटले होते की लेप काही करत नाही. कोरण्याने उलट नुकसान होत असेल, हे त्यालाही सुचले नव्हते.

२४/
दे कारच्या सपाट कापाचेही असेच झाले. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर वलय असते, मनगटावरच्या कड्यासारखे. वरच्या बाजूला, दोन्ही साली एकमेकींवर दाबून आलेल्या जागी, एक खडबडीत सुरकुती असते. हे वलय खोडाचा भाग आहे, फांदीचा नव्हे, आणि कुजीविरुद्धचा पहिला बंदोबस्त तिथेच असतो. सपाट कापाने तो नाहीसा होतो. कडेने जोरात वर येणारी साल, जिला शंभर वर्षे बरे होण्याची खूण मानले गेले, ती मोठ्या इजेची खूण होती.

२५/
मलमाचे काय? शायगो आणि त्याचा सहकारी विल्सन यांनी लाल मेपल व अमेरिकन एल्म या झाडांवर मुद्दाम जखमा केल्या, काहींवर त्या काळची प्रचलित मलमे लावली, काही उघड्या ठेवल्या आणि पाच वर्षांनी झाडे चिरली. मलम लावलेल्या जखमांत कूज थांबलेली नव्हती. जी तुलना १७९१ मध्ये व्हायला हवी होती, ती अखेर १९७७ मध्ये छापून आली.

२६/
कोकणातल्या परसात किंवा लहान बागेत याचा संबंध कसा येतो, हे पाहण्याजोगे आहे. चाळीस-पन्नास वर्षांचे आंबे एकमेकांत शिरलेले, खाली काळोख, फळ फक्त शेंड्याला आणि उतरवणाऱ्याचा जीव टांगणीला. फॉर्सिथच्या नाशपतीचीच ही स्थिती. लखनौजवळच्या रहमानखेडा येथील केंद्रीय उपोष्ण फलोत्पादन संस्थेने अशा झाडांच्या पुनरुज्जीवनाची पद्धत रूढ केली : डिसेंबरच्या सुमारास मुख्य फांद्या जमिनीपासून सुमारे ३ ते ४ मीटरवर कापायच्या, त्यांवर येणाऱ्या फुटव्यांपैकी मोजके, बाहेरच्या अंगाला वळणारे ठेवायचे, बाकीचे काढायचे. आंब्याला मोहोर नव्या फुटीच्या टोकाला येतो, म्हणून ही फूट पक्व व्हायला वेळ द्यावा लागतो. फळ साधारण तिसऱ्या वर्षापासून.

२७/
आणि कापलेल्या टोकांना काय लावायचे? ताम्रयुक्त बुरशीनाशकाचा लेप, किंवा ताजे शेण. फॉर्सिथ हसला असता. पण यात विरोध शोधण्याची घाई नको. शायगोचे प्रयोग थंड प्रदेशातल्या झाडांवरचे होते. आंब्याच्या उघड्या, ओल्या लाकडाकडे भिरूड, म्हणजे खोडकिडा, येतो. सावलीत वाढलेली साल एकदम उन्हात आली की भाजते आणि तडकते. लेप इथे कुजीवरचे औषध म्हणून नाही, तर काही आठवडे ऊन आणि किडा यांच्या आड धरलेला पडदा म्हणून येतो. मोरचूद आणि चुन्याच्या ‘बोर्डो’ मिश्रणाचीही गोष्ट तीच. १८८५ च्या सुमारास फ्रान्सच्या मिलार्देने ते द्राक्षवेलींच्या पानांवरील रोगासाठी पुढे आणले. ते बुरशीला वरून अडवते. लाकडात आधीच शिरलेल्या कुजीपर्यंत पोचत नाही.

२८/
जाड फांदी कापताना आज जगभर तीन काप सांगितले जातात. पहिला खोडापासून हातभर दूर, खालच्या बाजूने, अर्ध्यापर्यंत न जाणारा. दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून, म्हणजे फांदीचे वजन खाली पडते पण साल खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेल्या खुंटीला तिसरा काप, फुगीर वलयाच्या लगेच बाहेरून, वलयाला धक्का न लावता. ढोली असेल तर तिच्यात हात घालायचा नाही. आतली माती आणि पालापाचोळा हाताने निघेल तेवढाच काढायचा आणि पटाशी घरात ठेवायची. झाड फारच जुने असेल तर सगळा पसारा एका वर्षात न उतरवता दोन-तीन हंगामांत विभागून घ्यायचा, कारण पाने गेली की भिंती बांधायला लागणारे अन्नही जाते.